फोनवर ‘उठलो’ म्हणणारा माणूस जागा असतो का?

जुन्नर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून थोडक्यात देते.

“आमचे मालक टोमॅटो आणि भाजीपाला पिकअपमधून वाशी मार्केटला नेतात. घरचा माल थोडा, शेजारपाजारचा जास्त. आठवड्यातून पाच-सहा रात्री जाणं असतं. नऊला निघतात, माल उतरवून दोनच्या सुमाराला केबिनमध्येच आडवे होतात. पाचला मी फोन करून उठवते, कारण उजाडायच्या आत बाहेर पडलं की ट्रॅफिक लागत नाही. फोनवर म्हणतात, ‘हो, उठलो, निघतो.’ घरी आल्यावर मात्र मी फोन केला होता हेच त्यांना आठवत नाही. दहाला येतात, दोन-तीन तास झोपतात, की पुन्हा तोडणी आणि क्रेट भरणं. मागच्या महिन्यात परत येताना गाडी रस्त्याकडेच्या चारीत उतरली. कुणाला लागलं नाही. म्हणतात, डोळा लागला नव्हता, डोळे उघडेच होते. सुट्टीच्या दिवशी तेरा तास झोपतात, तरी उठल्यावर डोकं जड आणि चिडचिड. परवा मुलाला उगाच धपाटा घातला आणि मग स्वतःच रडले. सासूबाई म्हणतात, जास्त झोपल्यानं असं होतं. हे म्हणतात, मला आता सवय झालीय. एक दिवस तेरा तास झोपून आठवड्याची झोप भरून निघते का? आणि मी त्यांच्यासोबत गाडीत जाऊन बसू का?”

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या चारीपाशी थांबले. म्हणून सगळ्यात आधी एक सांगते, बाकीचं नंतर सावकाश वाचा. उद्या पहाटे तुमच्या फोननंतर निदान अर्धा तास त्यांनी गाडीला चावी लावायची नाही. ‘उठलो’ म्हणाले तरी नाही.

आपण ‘झोप लागली’, ‘जाग आली’ असं दिव्याचं बटण दाबल्यासारखं बोलतो. मेंदूचं तसं नसतं. मेंदू भागाभागानं झोपतो आणि भागाभागानंच जागा होतो. तुमच्या यजमानांना हे मार्केटवरून लगेच कळेल. रात्री आधी गेट उघडतं, दिवे लागतात, हमाल येतात, गाड्या लागतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मार्केट सुरू झालं. पण पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, करणारे दिवाणजी गादीवर येऊन बसेपर्यंत सौदा काही होत नाही.

मेंदूतलं गेट म्हणजे मानेच्या वर, कवटीच्या तळाशी असलेला मस्तिष्कस्तंभ. श्वास आणि हृदयाचे ठोके यांच्यावर इथून ताबा राहतो आणि जागेपणाचा पहिला इशाराही इथूनच निघतो. त्याच्या वर, मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस आहे. कानांवर, डोळ्यांवर, कातडीवर जे येतं त्यातलं बहुतेक त्याच्यामार्फत पुढे जातं. आणि दिवाणजी बसतात कपाळामागे, त्या भागाला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. ब्रेक आत्ता दाबायचा की पुढे काढायची, समोरचा दिवा ट्रकचा की टपरीचा, आपण गाडी चालवण्याच्या स्थितीत आहोत की नाही, हा सगळा विचार तिथे होतो. अमेरिकेतल्या वॉल्टर रीड या लष्करी संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २००२ मध्ये झोपेतून उठवलेल्या माणसांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, उठल्यावर ५ मिनिटांनी आणि पुन्हा २० मिनिटांनी. मस्तिष्कस्तंभ आणि थॅलॅमस पहिल्या काही मिनिटांतच कामाला लागले होते. कपाळामागचा भाग मात्र त्यानंतरच्या पाव तासात हळूहळू भरत गेला.

आता तुमचा पाचचा फोन घ्या. रिंग ऐकायला, फोन कानाला लावायला आणि रोजचंच ‘हो, उठलो’ म्हणायला अर्धामुर्धा जागा मेंदू पुरतो. तो फोन लक्षात ठेवायला पुरत नाही. म्हणून ते तुम्हाला खोटं सांगत नाहीत, त्यांना खरंच आठवत नाही. मी शिकाऊ डॉक्टर होते तेव्हा असाच एक फोन मीही घेतला आहे. रात्री तीनला सिस्टरांनी एका रुग्णाच्या औषधाचा डोस विचारला, मी सांगितला आणि झोपले. सकाळी त्या म्हणाल्या, ‘तुम्ही सांगितलंत तेवढंच दिलं.’ मला त्यातला शब्दही आठवेना. डोस बरोबर निघाला. पण डोस लिहिलेला तो कागद हातात धरून मी किती वेळ उभी होते ते आजही आठवतं, आणि तेव्हापासून रात्रीचा फोन मी उठून, उभं राहून, दिवा लावूनच घेते.

यजमानांच्या बाबतीत एक गोष्ट आणखी वाईट पडते. जितक्या गाढ झोपेतून उठवावं तितकी ही गुंगी दाट असते. दिवसभर राबलेला माणूस रात्री दोनला आडवा होतो तेव्हा तो थेट खोल पाण्यात जातो. मेंदूच्या विजेच्या लहरी कवटीवरून टिपता येतात, हे हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२४ मध्ये पहिल्यांदा करून दाखवलं. त्या आलेखावर जागेपणी बारीक, दाट लहरी दिसतात. गाढ झोपेत त्याच लहरी उंच आणि संथ होतात, सेकंदाला एखाद-दोन. लाखो पेशी एकाच वेळी गप्प होतात, एकाच वेळी बोलतात, पुन्हा गप्प होतात. या अवस्थेत मेंदूचा इंधनखर्च जागेपणापेक्षा पुष्कळ कमी होतो, सुमारे ४० टक्क्यांपर्यंत घट झाल्याची मोजमापं आहेत. मस्तिष्कस्तंभ, थॅलॅमस आणि कपाळामागचा भाग सगळ्यात जास्त मंदावतात. आणि या संथ लहरी सगळ्यात जोरकस कुठे असतात? कपाळामागेच. दिवसभर जो जास्त राबला तो जास्त खोल झोपतो.

हे इतकं नेमकं असतं की मला अजून नवल वाटतं. २००४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात लोकांना झोपण्याआधी हाताचं एक अवघड काम शिकवलं, तर त्या रात्री मेंदूच्या त्याच कामाच्या तुकड्यात संथ लहरी वाढल्या. दोन वर्षांनी उलटं करून पाहिलं. दिवसभर हात बांधून ठेवला, तर त्या हाताच्या भागात लहरी कमी झाल्या. म्हणजे विश्रांतीसुद्धा मेंदू वाटून घेतो, ज्याची मजुरी जास्त त्याला जास्त.

साधारण दीड तासानं झोप कूस बदलते. बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलू लागतात, स्वप्नं पडतात. शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नथानिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये ही अवस्था जगापुढे मांडली. तिला रेम झोप म्हणतात. ही झोप रात्रीच्या सुरुवातीला थोडी आणि पहाटेकडे जास्त असते, म्हणजे आपण जिला साखरझोप म्हणतो तिच्यात तिचा मोठा वाटा असतो. या वेळी मेंदू जवळपास जागेपणाइतकाच पेटलेला असतो, पण सगळा नव्हे. १९९६ मध्ये बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठातल्या संशोधकांनी रेम झोपेतल्या माणसांच्या मेंदूची चित्रं घेतली. भीती आणि राग जागवणारा बदामाएवढा अमिग्डाला त्यात चांगलाच कामाला लागलेला होता, आणि कपाळामागच्या विचारी भागाचे काही पट्टे मंद होते. म्हणून तर स्वप्नात मेलेला माणूस समोर येऊन चहा मागतो आणि आपल्याला काही वावगं वाटत नाही. दिवसभरात जे मनाला लागलं त्याची धार या झोपेत उतरते असं अनेक संशोधकांचं मत आहे, आणि माझ्याकडे येणारी माणसं पाहून मलाही ते पटतं. तुमच्या यजमानांची साखरझोप रोज पाचच्या रिंगनं कापली जाते. दहानंतर ते झोपतात खरे, पण घरात वर्दळ, बाहेर ऊन. ती झोप तुटक असते.

मुलाला बसलेला धपाटा इथे येऊन मिळतो. २००७ मध्ये अमेरिकेत तरुण मुलांना सुमारे ३५ तास जागं ठेवून मनाला बोचणारी चित्रं दाखवली. झोपलेल्यांच्या तुलनेत जागरण झालेल्यांचा अमिग्डाला ६० टक्के जास्त उसळला, आणि त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्याचा दुवा सैल पडला. तुमचे यजमान बदलले असं मनात आणू नका. धपाटा मारणारा हात आणि नंतर रडणारा माणूस, दोन्ही त्यांचेच. मधला लगाम तेवढा जागरणानं ढिला झाला आहे. मुलाला हे त्याच्या भाषेत सांगा, आणि जमलं तर बाबांनाच सांगू द्या.

आता उघड्या डोळ्यांचं. ते म्हणतात डोळा लागला नव्हता, आणि मला वाटतं ते खरंच बोलतात. २०११ मध्ये विस्कॉन्सिनच्याच प्रयोगशाळेत उंदरांना बराच वेळ जागं ठेवून त्यांच्या मेंदूत बारीक तारांनी पेशींचं काम टिपलं. उंदीर चालत होते, डोळे उघडे होते, एकूण आलेख जागेपणाचाच होता. पण मेंदूचे छोटे छोटे तुकडे मध्येच क्षणभर बंद पडत होते, अगदी गाढ झोपेत पडतात तसे. साखरेच्या गोळीकडे पंजा नेताना त्या कामाचा तुकडा नेमका बंद पडला, तर गोळी हातची जायची. उंदराची गोळी जाते. साठच्या वेगातली गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. त्यात पहाटे तीन ते पाच-सहा हा काळ शरीराच्या घड्याळाचा सगळ्यात खोल उतार. ते घड्याळ हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर बसलेलं आहे. ते उजेडावर चालतं, मार्केटच्या वेळेवर नाही.

‘सवय झालीय’ या वाक्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काही निरोगी माणसांना सलग १४ दिवस रोज ६ तास झोपू दिलं, काहींना ४ तास. त्यांची सावधपणाची परीक्षा रोज घेतली. चुका दिवसागणिक वाढत गेल्या. दोन आठवड्यांअखेरीस त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली होती. पण ‘झोप येतेय का’ असं विचारलं की उत्तर पहिल्या काही दिवसांनंतर फारसं बदलत नव्हतं. आपण सरावलो असं त्यांना वाटत होतं. यजमानांची तुकड्यातुकड्यांची झोप बेरीज केली तरी पाच-सहा तासच भरते. आणि ‘मी ठीक आहे’ हा निवाडा करणारा मेंदूचा भाग कोणता? तोच, कपाळामागचा, जो सगळ्यात जास्त थकला आहे. दारू प्यालेल्या माणसाला ‘चढलीय का’ विचारण्यासारखं आहे ते. या एका बाबतीत त्यांच्या शब्दावर जाऊ नका. आजवर गाडी शाबूत ठेवणारा हा माणूस हुशार आहे यात शंका नाही, पण हुशारीचा इथे उपयोग होत नाही.

तेरा तासांच्या झोपेनं भरपाई होते का? थोडी होते, पूर्ण होत नाही. मेंदू तासाला तास असा हिशेब करत नाही. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातला रँडी गार्डनर हा १७ वर्षांचा मुलगा २६४ तास, म्हणजे ११ दिवस, जागा राहिला. त्यानंतर तो १४ तासांहून थोडा जास्त झोपला. मेंदू भरपाईच्या झोपेत आधी गाढ झोप ओढून घेतो, तीच सगळ्यात निकडीची, आणि रेम झोप पुढच्या रात्रींवर ढकलतो. म्हणजे एकाच सुट्टीत सगळी उधारी फिटत नाही. वॉल्टर रीडमध्ये २००३ साली आठवडाभर अपुरी झोप दिलेल्या माणसांना नंतर सलग तीन रात्री ८-८ तास झोपू दिलं, तरी त्यांचा सावधपणा मूळ पातळीवर आला नव्हता. आणि जागरणानंतरच्या एका पूर्ण रात्रीनंतर मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा कपाळामागच्या भागाचं काम अर्धवटच सुधारलेलं दिसलं. दिवाणजी परततात सगळ्यात शेवटी.

सासूबाईंचं निरीक्षण चुकीचं नाही, कारण वेगळं आहे. भुकेल्या मेंदूला लांब झोप मिळाली की तो पुन्हा पुन्हा खोल जातो आणि माणूस भलत्याच वेळी, खोलातूनच उठतो. त्यामुळे डोकं जड. शिवाय दुपारी तीनला उठलेल्या माणसाच्या शरीराचं घड्याळ सकाळ कुठे गेली म्हणून शोधत बसतं. त्यांना झोपू द्याच, पण सगळी झोप दिवसा नको. सुट्टीच्या आदल्या रात्री नऊ-दहाला अंधाऱ्या खोलीत आडवे होऊ द्या, आपोआप उठतील तेव्हा उठू द्या. उठल्यावर पहिला अर्धा तास त्यांच्याशी हिशेबाचं, भावाचं, उसनवारीचं काही बोलू नका. अंगणात उन्हात बसू द्या, मुलालाही तोवर लांब ठेवा.

एका सुट्टीनं भागणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. सलग दोन रात्री घरी, असं आठवड्यातून एकदा तरी व्हायला हवं. शेजाऱ्यांचा माल जास्त असतो ना, मग त्यांच्यातल्याच कुणी परवानाधारकानं आळीपाळीनं गाडी न्यावी. भाड्याचे पैसे कमी होतील, मला कळतं. तुमच्या घराचं गणित मला माहीत नाही, तरीही हे लिहिते आहे, कारण चारीत उतरलेली गाडी हा इशारा होता आणि दुसरा इशारा इतका सौम्य असेलच असं नाही.

जायच्या दिवशी संध्याकाळी दीड तास झोप काढून मग निघावं. झोप आधी साठवता येते, पूर्ण नाही, पण उपयोग होतो. वाटेत पेंग आली तर काच खाली करणं, गाणी लावणं, तंबाखू मळणं, यांनी थोडा वेळ निघतो, त्यापलीकडे काही नाही. सुरक्षित जागी गाडी लावून एक कप कडक कॉफी प्यायची आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे, हा उपाय खरा आहे. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात गाडी चालवण्याच्या यंत्रावर तो तपासलेला आहे. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि झोपेचा दाब वाढवतो. कॉफीतलं कॅफीन त्याची बसायची जागा अडवतं, पण त्याला अर्धा तास लागतो, तेवढ्यात डुलकी होऊन जाते. वीस मिनिटांवर डुलकी लांबवायची नाही, नाहीतर पुन्हा खोल पाणी. आणि सर्दीची गोळी घेऊन गाडीवर बसायचं नाही, त्यातल्या बऱ्याच गोळ्या गुंगी आणतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती मला हवी आहे. ते जोरात घोरतात का? घोरता घोरता श्वास मध्येच थांबून मग हुंदका दिल्यासारखा सुटतो का? तसं असेल तर तेरा तास झोपूनही गाढ झोप मिळत नाही, कारण दर वेळी मेंदू श्वासासाठी अर्धवट जागा होतो. सुट्टीच्या रात्री मोबाईलवर त्यांच्या घोरण्याचं थोडं रेकॉर्डिंग करून डॉक्टरांना ऐकवा. कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना लगेच अंदाज येतो, आणि यावर उपचार आहेत.

आता शेवटचं, सोबत जाऊन बसू का. नका जाऊ. दोन माणसं अर्धवट झोपेत गाडीत बसली म्हणून एक पूर्ण जागा माणूस तयार होत नाही, आणि सकाळी मुलाकडे बघायला घरी कुणीतरी ताजं हवं. तुम्ही घरूनच मोठं काम करू शकता. एका फोनाऐवजी दोन करा. पहिला साडेचारला. त्यात एवढंच सांगायचं, की केबिनमधून खाली उतरा, तोंडावर पाणी मारा, टपरीवर उजेडात उभं राहून चहा घ्या, चावी खिशातच राहू द्या. दुसरा पाचला. त्यात ‘उठलात का’ असं विचारूच नका, ‘हो’ म्हणायला मेंदूचा फार थोडा भाग लागतो. विचारा की आज किती क्रेट गेले, पट्टी किती झाली, त्यातून हमाली आणि डिझेल जाता हातात काय उरतं. तोंडी करायला लावा. आणि साडेचारला मी काय बोलले ते विचारा. चटकन आणि बरोबर आलं तर निघू द्या. अडखळले, किंवा पहिला फोन आठवतच नसेल, तर पुन्हा अर्धा तास थांबायला सांगा. ट्रॅफिक लागलं तर लागू दे. तोडणी आम्ही सुरू करतो, तुम्ही सावकाश या, असं तुम्ही आणि सासूबाई दोघींनी मिळून फोनवरच सांगा.